आयआयएम इंदोरची मुलाखत आणि खानापूरची भाची : तयारी कशी करून घ्यावी?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. माझी भाची खानापूर तालुक्यातली. यंदा सेकंड पीयू (म्हणजे बारावी) झाली, कॉमर्स. आयआयएम इंदोरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा आयपीएम कोर्स आहे ना, त्याची लेखी परीक्षा पार पडली आणि आता मुलाखतीचं बोलावणं आलंय. घरात पेढे वाटून झाले नि लगेच धास्ती सुरू झाली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात इंग्रजीतून पीयू. आकड्यांत पक्की आहे, पण अनोळखी माणसांपुढं बसवली की आवाज आत जातो.

एका क्लासवाल्यानं छापील उत्तरांचा गठ्ठा दिलाय. सकाळपासून ती ‘माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क’ घोकत बसलीय. मला ऐकूनच कसंतरी व्हायलंय. आमच्याकडं अशा मुलाखतीला आजवर कुणी बसलेलं नाही, त्यामुळं विचारावं कुणाला? इथं बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची बरीच मंडळी आहेत. जाणकारांनी सांगा.

फाउंड्रीवाला
भाचीचं अभिनंदन! मी उद्यमबागेत कास्टिंगच्या धंद्यात आहे, त्याआधी एमबीए केलं. ओळखीपाळखीच्या पोरांचे मॉक इंटरव्ह्यू घेतो.

तो गठ्ठा आधी बंबात घाला. समोर दोन-तीन प्राध्यापक बसतात. सकाळपासून त्यांनी हार्ड वर्क ऐकलेलं असतं, संध्याकाळपर्यंत ऐकायचं असतं. पाठ केलेलं उत्तर पहिल्या वाक्यातच ओळखू येतं, मग ते मधेच तोडून भलतंच विचारतात आणि पोरगं रुळावरून घसरतं.

एक सांगा, फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय काय लिहिलाय?

मलप्रभाकाठ
‘बिझनेस’ लिहिलंय. दाजींची वीटभट्टी आहे. वीटभट्टी लिहायला तिलाच बरं वाटलं नसावं. फॉर्म गेला, आता बदलता येत नाही.

फाउंड्रीवाला
हेच होतं दरवेळी. तंबाखूची वखार असू दे, दुधाचा रतीब असू दे, गणपत गल्लीतलं भांड्याचं दुकान असू दे, आपली पोरं ‘बिझनेस’ लिहून मोकळी होतात. फॉर्म राहू दे तसाच. पण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर नाव-गाव झालं की तिसऱ्या वाक्यात वीटभट्टी आली पाहिजे. मॅनेजमेंटच्या कोर्सला निघालेल्या मुलीच्या घरात चालता धंदा आहे आणि तीच तो लपवणार? शहरातल्या पोरांना ‘वर्किंग कॅपिटल’ पुस्तकात वाचावं लागतं. हिच्या बापानं दिवाळीनंतर कामगारांना उचल दिलेली असते. ते पैसे विटा विकून उन्हाळ्यात मोकळे होतात, मधले महिने कसे काढायचे ही घरातली रोजची चर्चा. वर वळवाचा पाऊस आला तर कच्च्या विटांचा चिखल, म्हणजे मालाची जोखीमही तिनं डोळ्यांनी बघितलेली.

आता मी पॅनेलवर असतो तर काय विचारलं असतं ते लिहितो. माती कुठून येते, परवानगी कुणाची लागते? जळण काय, लाकूड की कोळसा की भाताचं तूस, आणि ते का? सिमेंटचे ब्लॉक बाजारात आल्यापासून मागणीचं काय झालं? वडिलांच्या जागी तू असतीस तर ब्लॉकचं मशीन घेतलं असतंस का? कर्ज काढून की साठवणीतून? भट्टीच्या धुराबद्दल गावात कुणी तक्रार केली तर?

मग एखादा सर वहीत आकडा लिहून गणित घालेल. समजा एका भट्टीला पन्नास हजार विटा लावल्या, सगळा खर्च सव्वादोन लाख. एक वीट कितीला पडली? पोरगी पटकन म्हणेल साडेचार रुपये. तो म्हणेल, दहा टक्के विटा फुटल्या किंवा कच्च्या राहिल्या तर? आता विकायला पंचेचाळीस हजारच, म्हणजे पाच रुपये. पुढं विचारेल, शेजारचा भट्टीवाला पावणेपाचला विकायला लागला, तू काय करशील? इथं बरोबर-चूक असं उत्तर नाही. भाव पाडायचा की थांबायचं, थांबलो तर पावसाळ्यापर्यंत माल झाकायला ताडपत्री आणि व्याज किती, हे ती मोठ्यानं मांडते का एवढंच ते बघतात.

तिला म्हणावं, दोन संध्याकाळी बाबांजवळ बस आणि हे सगळं विचारून घे. मराठीतच.

बाकी कॉमर्सवाल्यांना टक्केवारी, संभाव्यता, रेपो रेट, बजेटमधल्या ठळक गोष्टी विचारतातच. ते तिला येत असणार, त्यावर मी बोलत नाही.

कुंदाप्रेमी
वाचतोय. फाउंड्रीवाला यांना +१.

निपाणी_नाका
लै बरोबर बोललात. आमच्या भागातल्या एका पोरानं एमबीएच्या मुलाखतीत सांगितलं, आई विड्या वळते. झालं, पुढची सगळी मुलाखत तंबाखूवरच. सरकार तंबाखूवर एवढा कर लावतं मग पीकच बंद का करत न्हाई? विडी बंद झाली तर या बायकांनी काय करायचं? १९८१ चं निपाणीचं शेतकरी आंदोलन ठाऊक आहे का, शरद जोशींचं? त्याला ठाऊक होतं, आजोबा त्यात होते. हजार विड्यांमागं कुणाच्या खिशात किती पडतं तेबी त्यानं सांगितलं. मास्तर लोक मान पुढं काढून ऐकायले होते म्हणं. पोरगा लागला तिथं.

खरं सांगायचं तर इंग्रजी त्याचं बेताचंच. पण बोलायला होतं काहीतरी.

शहापूरकरीण
मी पीयू कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आता निवृत्त. ‘बेताचं इंग्रजी चालतं’ यावर थोडं बोलते, कारण हे अर्धंच खरं आहे. चालतं, पण समोरच्याला कळलं पाहिजे. आपल्याकडच्या मुलांची अडचण वेगळी असते. घरच्या गोष्टी त्यांना फक्त मराठीत येतात आणि अभ्यासाच्या फक्त इंग्रजीत. भट्टीबद्दल इंग्रजीत बोल म्हटलं की कच्ची वीट, उचल, तूस, तूट यांना शब्दच सापडत नाहीत, मुलगी थांबते आणि आपल्याला वाटतं हिला इंग्रजी येत नाही. दाजींशी बोलून झालं की तिनं अशा वीस-पंचवीस शब्दांची यादी करावी आणि त्यांचं इंग्रजी शोधून ठेवावं. ते एका दुपारचं काम आहे.

दुसरं, उत्तर लिहून काढू नये. लिहिलं की पाठ होतं. वहीत फक्त चार मुद्दे, तेही एकेका शब्दात, आणि मग मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून मोठ्यानं बोलायचं. दीड मिनिटात थांबायचं. ऐकताना ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ किती वेळा आलं ते मोजायचं. आरशासमोर उभं राहून सराव करा असं सगळे सांगतात, मला ते कधी पटलं नाही. मुलं स्वतःचे केसच बघत बसतात.

वाक्यं लहान ठेवावीत. उच्चार बदलायचा प्रयत्न बिलकुल करू नये, आपला बेळगावी हेल राहू दे. पॅनेलवर बंगाली, तमिळ, पंजाबी सगळे हेल असतात.

टिळकवाडी_ते_टोरांटो
वेगळा मुद्दा मांडतो. माझी मुलगी इथं कॅनडात मेडिकलच्या प्रवेशासाठी मुलाखती देतेय. इथं बऱ्याच ठिकाणी एकच लांब मुलाखत नसते, एमएमआय असतं, म्हणजे छोट्या-छोट्या अनेक मुलाखती. ही पद्धत इथल्याच मॅकमास्टर विद्यापीठात २००० नंतर आली. आठ-दहा खोल्या असतात. प्रत्येक दाराबाहेर एक प्रसंग लिहिलेला, दोन मिनिटं वाचायचा, मग आत जाऊन सहा-आठ मिनिटं बोलायचं. घंटा वाजली की पुढची खोली. एकाच परीक्षकाचं एकच मत बनू नये हा त्यामागचा विचार. एका खोलीत पडलात तरी पुढच्या खोलीतला माणूस कोऱ्या पाटीनं ऐकतो.

प्रसंग साधारण असे : तुमच्या मित्रानं प्रयोगाचे आकडे दुसऱ्याचे उतरवले, तुम्हाला कळलं, काय कराल?

निपाणी_नाका
इथं इंदोरचं चाललंय हो, कॅनडा कशाला मधे?

टिळकवाडी_ते_टोरांटो
कारण असे प्रश्न आपल्याकडंही विचारतात, फक्त खोल्या नसतात. यात मुलं दोन टोकांना जातात. एक तर ‘मी लगेच तक्रार करीन’, नाहीतर ‘मी मित्राला सोडणार नाही’. आधी माहिती खात्रीची आहे का ते बघणार, मित्राशी बोलणार, त्यानं स्वतःहून सांगावं म्हणून वेळ देणार, नाही ऐकलं तर सरांकडं जाणार, अशी पायरी-पायरीनं मांडणी करायला सवय लागते. दोन मिनिटं विचार, पाच मिनिटं बोलणं, रोज रात्री जेवणानंतर एक प्रसंग. मामानं घालायचा.

सीमावासी
तुम्ही सगळे वीट-तंबाखूत अडकलात. खरा प्रश्न वेगळाच येणार. आडनाव मराठी, भाषा मराठी, पत्ता कर्नाटक. ‘तू महाराष्ट्राची की कर्नाटकाची?’ हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत. माझ्या पुतण्याला विचारलं होतं. आता बोला, काय सांगायचं?

मलप्रभाकाठ
हीच धाकधूक आहे. ती म्हणते, ‘आय अ‍ॅम इंडियन’ म्हणून टाकते.

कुंदाप्रेमी
तेच बरं. वादात कशाला पडा? गोड बोलून बगल द्यायची.

सीमावासी
बगल का द्यायची? पिढ्या गेल्या लढण्यात. पोरांनीच लाजायला लागलं तर झालंच! ताठ मानेनं सांगायचं...

संपादक
धागा मुलाखतीच्या तयारीचा आहे. सीमाप्रश्नावर इथं वेगळे धागे आहेत, भूमिकांचा वाद तिकडं न्यावा. मुलाखतीत उत्तर कसं द्यावं एवढ्यापुरतं इथं चालेल.

शहापूरकरीण
बरं झालं संपादकांनी रेघ मारली. आता रेघेच्या आत राहून लिहिते.

‘आय अ‍ॅम इंडियन’ म्हटलं की पॅनेल हसतं आणि म्हणतं, ते आम्हीही आहोत, पुढं? म्हणजे बगल देऊन प्रश्न सुटत नाहीच. घोषणा दिली तर मुलाखतीचं भाषण होतं. मला वाटतं ते असं बघतात : ज्या वादात ही मुलगी जन्मली, त्याच्या दोन्ही बाजू तिला ठाऊक आहेत का?

निदान एवढं तिच्या जिभेवर असावं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूरकडंच राहावं असं त्यात होतं, पण खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला सुचवलं होतं. खानापूरच्या मुलीला हे माहीत नसलं तर शोभणार नाही. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. खेडं हा घटक, सलग भूभाग आणि भाषक बहुसंख्या या आधारावर सीमा ठरावी ही महाराष्ट्राची मांडणी, आंध्र-मद्रास सीमेसाठी मध्यस्थ पाटसकरांनी वापरलेल्या सूत्राप्रमाणं. महाजन अहवाल स्वीकारा, नाहीतर आहे ते राहू द्या, संसदेनं केलेला कायदा आहे, ही कर्नाटकाची. २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो प्रलंबित आहे.

हे एका मिनिटात सांगून मग स्वतःचं सांगावं. घरी मराठी बोलते, शाळेत कन्नड शिकले, पाहुणे कोल्हापुरात, कॉलेज बेळगावात, कागदपत्रं कर्नाटकाची. तिचं स्वतःचं मत असेल तर तेही सांगावं, कारणासकट, शांतपणे. मत सांगितल्यानं कुणी मार्क कापत नाही. दुसरी बाजू माहीत नसताना सांगितलं की मात्र चेहरे बदलतात.

आणि हो, भाषांच्या रकान्यात कन्नड लिहिलं असेल तर पॅनेलवरचा एखादा कन्नडिग सहज कन्नडमध्ये विचारेल. ‘स्वल्प स्वल्प बरुत्ते’ (थोडं थोडं येतं) म्हणून हसून चालत नाही. चार वाक्यं नीट आली पाहिजेत, नाहीतर ‘समजतं’ एवढंच सांगावं.

सीमावासी
हे पटलं, ताई. दुसऱ्या बाजूचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायला जड जातं, पण पुतण्याही तिथंच अडकला होता. त्याला कर्नाटकाचं म्हणणं विचारलं आणि हा गप्प.

फाउंड्रीवाला
शहापूरकरीण ताईंची पोस्ट प्रिंट काढून ठेवावी अशी. त्यात एक भर घालतो. खानापूर म्हटलं की म्हादई नदीचा पाणीवाद येणार. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथंच जवळ कळसा-भांडुराचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी हवं, गोव्याला नदी आटायची भीती, आणि खानापूरचं जंगल मधे. लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं. हिचं गाव त्याच टापूत, त्यामुळं गावातल्या लोकांना काय वाटतं हे ती वर्तमानपत्रापेक्षा चांगलं सांगू शकेल. धागाकर्त्याचं नावच मलप्रभाकाठ आहे, त्यांनीच उजळणी घ्यावी.

कॅम्पातला
एनडीएच्या एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढं गेलेल्यांसाठी लिहितो, कारण आपल्या भागातली बरीच पोरं तिकडं जातात आणि २०२२ पासून मुलीही एनडीएत आहेत. तिथं पहिल्याच दिवशी पीआयक्यू नावाचा फॉर्म भरून घेतात. घर, शाळा, खेळ, मार्क, वडिलांचं उत्पन्न, सगळं. मुलाखत घेणारा अधिकारी त्याच फॉर्मवर बोट ठेवून एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो आणि तुम्ही ते क्रमानं आठवून उत्तरं द्यायची. खोटं असलं तर दुसऱ्या चाचणीत बाहेर पडतंच, मानसशास्त्रज्ञ वेगळा, मैदानावरचा अधिकारी वेगळा, आणि शेवटच्या दिवशी तिघं एकत्र बसतात.

बेळगावचा पोरगा म्हटल्यावर मराठा लाइट इन्फंट्रीबद्दल विचारतात. रेजिमेंटल सेंटरच्या दारावरून रोज सायकल मारलेली असते, पण रेजिमेंटची सुरुवात १७६८ ची, ब्रीद ‘कर्तव्य, मान, साहस’, हे सांगता येत नाही. १९२४ चं काँग्रेस अधिवेशनही तसंच. गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन आपल्या टिळकवाडीत झालं. ज्या रस्त्याला काँग्रेस रोड म्हणतो, त्याचं नाव कशावरून पडलं हे पोरांना माहीत नसतं.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. काल रात्री दाजी आणि भाची ओट्यावर बसले होते. मी कान देऊन ऐकत होतो. आधी दाजी म्हणाले, ‘हे सगळं इंदोरच्या मास्तरांना कशाला हवंय?’ मग रंगले. तूस का वापरतो, तर आसपास भाताच्या गिरण्या आहेत म्हणून गाडीभाडं कमी. ब्लॉकचं मशीन का घेतलं नाही, तर घेतलं की वीज आणि सिमेंट दोन्ही उधारीवर, आणि ब्लॉकचं गिऱ्हाईक बेळगावातला बिल्डर, तो तीन-तीन महिने पैसे अडकवतो. विटेचं गिऱ्हाईक गावातलं, घर बांधणारा, रोखीनं घेतो. भाचीनं तिथल्या तिथं विचारलं, मग ब्लॉकवाल्यानं भाव जास्त लावायला नको का? दाजी तिच्याकडं बघतच राहिले.

गठ्ठा बंबात नाही घातला, मागच्या कोऱ्या बाजूवर ती आता मुद्दे लिहायलीय.

एक शंका. उत्तर येतच नसलं तर?

फाउंड्रीवाला
मग ‘नाही माहीत, सर’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. ठोकून देणाऱ्याला ते मुद्दाम अजून खोल नेतात. अंदाज करता येण्यासारखं असेल तर विचारून अंदाज सांगायचा. बेळगावात रोज किती कप चहा विकला जातो, असलं काही विचारलं तर अचूक आकडा कुणालाच नको असतो. लोकसंख्येपासून सुरुवात करून प्रत्येक टप्पा बोलून दाखवायचा.

छंदात काय लिहिलंय? ‘रीडिंग’ असेल तर शेवटचं काय वाचलं ते विचारतात, आणि त्यात न आवडलेलं काय तेही.

मलप्रभाकाठ
छंद ‘कुकिंग’ लिहिलाय. तांदळाची भाकरी छान करते. चालेल?

शहापूरकरीण
उत्तम. भाकरी फुगते कशी, हे विज्ञानाच्या भाषेत सांगता येतंय का बघा. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं म्हणून उकड काढावी लागते, इथून सुरुवात करू दे. इंदोरचं पोह्यांवर प्रेम आहे, तिथवर गप्पा जातील.

कुंदाप्रेमी
कपडे?

शहापूरकरीण
साधा सलवार-कमीज, इस्त्रीचा. नवा कोरा नको, टोचत राहतो. मुलाखत ऑनलाइन असेल तर खानापूरच्या आतल्या गावात बसू नका, रेंजचा आणि लाइटचा भरवसा नाही. बेळगावात नातेवाइकांकडं या, आणि आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळेला एकदा व्हिडिओ कॉल करून बघा.

फाउंड्रीवाला
रविवारी हिंदवाडीत माझ्याकडं मॉकला पाठवा. मी, माझा एक बँकेतला मित्र आणि शहापूरकरीण ताई येणार असतील तर पॅनेल पूर्ण होईल. मित्र मुद्दाम कन्नडमध्ये विचारेल, आधी सांगू नका तिला.

शहापूरकरीण
येते. सकाळी अकरानंतर.

अनगोळचा_बाळू
जरा विषयाबाहेर, पण विचारतो. माझा मुलगा नीट देतोय, धाकटी सीईटीला आहे. त्यांनाही मुलाखतीची तयारी करायला हवी का? एक क्लासवाला त्याचे वेगळे पैसे मागतोय.

कॅम्पातला
सीईटीतून इंजिनिअरिंगला मुलाखत नसते. नीटमधून एमबीबीएसलाही नसते. रँक आणि कागदपत्रं, बस. अपवाद पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजचा. तिथं जायचं असेल तर एमसीसीच्या (मेडिकल प्रवेशाच्या केंद्रीय समितीच्या) साइटवर तो पर्याय नोंदवावा लागतो. मग यादीत नाव आलं तर पुण्याला बोलावतात, इंग्रजी आणि तर्काची एक चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. शिवाय पुढं सैन्यात सेवा करायचा बाँड असतो, तो घरी बसून आधी वाचा. मुलाला त्यात रस असेल तर मला निरोप करा, क्लासवाल्याला पैसे देऊ नका.

अनगोळचा_बाळू
होय की, आज रात्री विचारतो त्याला.